फोटोमागची भिंत

त्या वर्षी मी जेवढी भ्याले तेवढी त्याआधी कधीच भ्याले नव्हते, आणि मी काही भित्री बाई नाही. महापालिकेच्या शाळेत पोरं वळवण्यात माझी सगळी नोकरी गेली. एकदा वर्गात साप निघाला, तेव्हा हेडमास्तर टेबलावर चढले होते आणि मी झाडू घेऊन खाली उभी होते. पण आपल्या घरात, आपल्या शेजारी झोपलेला माणूस काहीतरी लपवतोय आणि दिवसेंदिवस खंगतोय, हे कळलं ना, की झाडू काय कामाचा?

हा माणूस म्हणजे आमचे हे, रामदास ओव्हाळ. मी हिरा, त्यांची बायको.

हे टेलिफोन खात्यात केबल जोडायच्या कामाला होते. पूर्वी पावसाळा आला की पुण्यातले फोन मुके व्हायचे आणि लोक खात्याच्या नावानं शंख करायचे. त्या वेळी हे कुठल्यातरी रस्त्याकडेच्या खड्ड्यात चिखलात बसलेले असायचे. जमिनीखालच्या केबलमध्ये ओल कुठून शिरली ते हुडकायचं, तेवढा तुकडा कापायचा, नवा जोड द्यायचा आणि परत पाणी शिरणार नाही असा तो गुंडाळायचा. घरी आले की हाताला जळक्या रबराचा वास. मी म्हणायची, "अहो, लोकांचे नवरे येताना गजरा आणतात, तुम्ही चिखल आणता." नुसते हसायचे. अख्ख्या शहराचं बोलणं यांच्या हाताखालून गेलं, पण स्वतः बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. मला वर्गात गप्प बसलेलं पोर खपायचं नाही आणि नशिबी नवरा असा.

लग्नानंतर पुण्यात खोली शोधताना काय काय झालं ते आता उगाळत बसत नाही. शेवटी विश्रांतवाडीला, आमच्या माणसांत, दोन खोल्या मिळाल्या आणि तिथंच आम्ही राहिलो. सौरभ तिथंच जन्मला, तिथल्याच दिव्याखाली शिकला, कॉम्प्युटरमध्ये इंजिनिअर झाला. पुढं मोबाइल आले, खड्डे खणून केबल जोडणाऱ्यांची कुणाला आठवण राहिली नाही, आणि हे रिटायर झाले. त्याच सुमाराला सौरभ खराडीच्या एका कंपनीत लागला. सून दीपालीही त्याच लाइनीतली. दोघं एकमेकांशी बोलायला लागले की मला अर्धं कळायचं नाही, पण पोरगी गुणाची.

एके वर्षी भीमजयंतीची गडबड संपली आणि सौरभ म्हणाला, "आई-बाबा, चला, घर बघायला जायचंय. वाघोलीला." भर उन्हाळा. नगर रस्त्यावर धूळ नुसती. जिथं पूर्वी दगडाच्या खाणी होत्या, तिथं ओळीनं सारखी घरं उभी केलेली. रो-हाउस म्हणे. मागं एक जुनी खाण पाण्यानं भरलेली. तिकडं हात करून बिल्डरच्या ऑफिसातला टायवाला माणूस म्हणाला, "लेक व्ह्यू आहे, काका." खाणीत साचलेल्या पाण्याला लेक म्हणतात हे मला तिथं कळलं. शिकावं तेवढं थोडं.

घर उतारावर होतं. रस्त्यानं आत शिरलं की हॉल, वर दोन खोल्या, आणि हॉलमधून जिना उतरून खाली एक मोठी खोली. तिच्या तीन भिंती मातीत आणि चौथ्या भिंतीला खिडकी आणि दार, बाहेर पाऊलभर बाग. मी म्हटलं, "हे तळघर झालं की." टायवाल्याला ते आवडलं नाही. "लोअर ग्राउंड म्हणतात याला, मावशी." सौरभचे डोळे चमकत होते. "बाबा, ही तुमची खोली. तुमची पुस्तकं, तुमचा कट्टा, मागं बाग. कुणाची कटकट नाही."

हे मागच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर तळहात टेकवला. बराच वेळ टेकवला. मी विचारलं, "काय हो?" म्हणाले, "काही नाही. गार आहे." टायवाला लगेच म्हणाला, "उन्हाळ्यात गार घर मिळायला नशीब लागतं, काका." मग वर त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यानं नाव लिहून घेतलं, चहा मागवला. हे बाहेर कधी कुणाकडचा चहा घेत नाहीत, सवयच नाही. त्या दिवशी घेतला. बशीत ओतून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मला वाटलं, उन्हानं तहान लागली असेल.

पुढच्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही राहायला गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मी पातेलंभर खीर केली. दारावर सौरभनं पितळी पाटी लावली होती, आणि पाटीवर स्वतःचं नाही, बापाचं नाव. रामदास ओव्हाळ. हे ती पाटी रोज सकाळी चिंचेनं घासायचे. दीपाली हसायची, "बाबा, अक्षरं पुसून जातील." हे म्हणायचे, "जाऊ देत, परत कोरू."

खालच्या खोलीत, त्या मागच्या भिंतीवर, बाबासाहेबांचा मोठा फोटो लावला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी यांनी तो कॅम्पातून आणला होता, सायकलवर एका हातानं धरून. आमच्या घरी त्या फोटोचा एक शिरस्ता आहे. वर्षातून दोनदा, जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, फोटो खाली उतरवायचा. हे उतरवणार, मी काच पुसणार, मागची फळी पुसणार, हार घालणार, आणि हे परत चढवणार. एरवी त्याला कुणी हात लावायचा नाही. सौरभ लहानपणी चेंडू खेळायचा तोही त्या भिंतीकडं पाठ करून. इतका तो फोटो आमच्या घरात मानाचा.

पाऊस सुरू झाला आणि त्याच सुमाराला आमची नात आली, चैताली. घरात आनंदीआनंद. पण खाली आमच्या खोलीत मला कुबट वास यायला लागला, बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसला. मी म्हटलं, "अहो, वास कसला हो?" हे म्हणाले, "नवं घर आहे. सुकायला वेळ लागतो." मी म्हटलं, "पावसाळ्यात सुकणार?" आता केबलवाल्या माणसानं सांगितलंय म्हटल्यावर मी तरी काय वाद घालणार? ओलीतलं यांना जास्त कळतं, ही माझी समजूत. ती खोटी नव्हती, तेच तर दुःख आहे.

मग एकेक विचित्र सुरू झालं. आमच्याकडं वंदनेला एक उदबत्ती पुरते. हे तीन-तीन, चार-चार लावायला लागले, सकाळ-संध्याकाळ. खोलीत धूर कोंदायचा. म्हटलं, "भंतेजी व्हायचा विचार आहे का?" रोज ऊन पडलं की गादी उचलून बागेत. ऊन नसलं की खिडकीत. मग एक दिवस म्हणाले, "हिरा, तू खिडकीच्या बाजूला झोपत जा. मला वारं सोसत नाही." म्हणजे हे भिंतीकडं आणि मी खिडकीकडं. पुस्तकांचं कपाटही यांनी ओढून दाराजवळ आणलं. खाटेखाली झाडताना मला चुन्याची भांडी सापडली. विचारलं तर म्हणे, मुंग्यांसाठी. मुंगी मी त्या खोलीत एक पाहिली नव्हती.

आणि खोकला. आधी नुसता घसा खाकरल्यासारखा. श्रावण संपेपर्यंत कोरडा, खोल, थांबता थांबेना असा. खोकला आला की हे तोंड भिंतीकडं करायचे, उशी तोंडावर दाबायचे. चार पायऱ्या चढले की कठड्याला धरून उभे. मी म्हणाले, डॉक्टरकडं चला. "धुळीचा आहे. नगर रोडची धूळ." दुसऱ्यांदा म्हणाले तर, "बाई, हजेरी घेऊन झाली का?" मास्तरीण म्हणून मला असं चिडवायची यांची जुनी सवय. एरवी मी हसते. त्या दिवशी हसू आलं नाही.

कारण मला कोंडीराम भावजी आठवले होते. यांचे थोरले भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ते घरातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर होते. क्षय. तेही असेच खोकायचे, असंच तोंड भिंतीकडं करायचे. जाऊबाईंना लाज वाटू नये, पोराबाळांना लागू नये म्हणून स्वतःच आपला पेला वेगळा ठेवायचे. हातावरची मेंदी उतरायच्या आत मी त्या घरात मरण पाहिलं. त्यामुळं तसा खोकला ऐकला की मी हातातलं काम टाकून उठते, आजही. आणि आता तोच खोकला माझ्या शेजारी, आणि तोंड भिंतीकडं.

मी यांच्यावर पाळत ठेवायला लागले. रुमाल धुवायला यायच्या आधी उजेडात धरून बघायची, रक्त आहे का. नसायचं. मग वाटायचं, लपवून धूत असतील. पेला वेगळा ठेवतात का? जेवण कमी झालंय का? सदरा सैल झालाय का? झालाच होता. संध्याकाळी कपाळाला हात लावला की म्हणायचे, "ताप नाही मला." मग का नाही येत डॉक्टरकडं? ज्याला काही नाही तो कशाला घाबरेल? मनातली पाल चुकचुकायची थांबेना. सौरभला सांगावं तर त्याच्या कंपनीत कामाची रात्र-रात्र, घरात तान्हं मूल, आणि मी काय सांगणार? तुझ्या बापाला क्षय झालाय असं मला वाटतं? तोंडातून तो शब्दच निघेना. शब्द काढला की खरा होईल, असं वाटायचं. आम्ही अंधश्रद्धा मानत नाही हं. पण भीती कुठं विचारून येते?

भाद्रपद संपत आला तेव्हा दीपालीनं विषय काढला. तिची रजा संपत होती, कामावर जायचं होतं. म्हणाली, "आई, चैतालीचा पाळणा खाली तुमच्या खोलीत ठेवूया का? दिवसभर तुमच्याजवळ राहील, तुम्हाला जिना चढायला नको." मला तर आभाळ ठेंगणं झालं. मी हो म्हणणार तेवढ्यात हे म्हणाले, "नाही."

सगळे बघत राहिले. यांचा आवाज कधी चढत नाही, तो चढला होता.

"पाळणा खाली यायचा नाही. पोरीला वर ठेवा. खाली आणायचंच नाही तिला."

दीपालीचा चेहरा एवढासा झाला. "बाबा, मी काही चुकले का?" यांनी मान हलवली आणि जिन्यानं खाली गेले, मध्ये एकदा थांबून, खोकून. ती पोर रडली. तिला वाटलं, सासऱ्याला नातीचं ओझं होतंय. सौरभ तिची समजूत घालत होता आणि मला म्हणत होता, "आई, बाबांना काय झालंय?" मी म्हटलं, "वय झालंय." या माणसानं नात झाली तेव्हा सगळ्या ओळीत पेढे वाटले होते. तिचं नखसुद्धा स्वतः कापायचा. तो माणूस पोरीला जवळ येऊ देत नाही, याचा अर्थ मला एकच दिसत होता. कोंडीराम भावजीसुद्धा घरातल्या पोरांना असंच हाकलायचे.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. यांच्याशी भांडले. इतकी वर्षं संसार केला पण तसं भांडण नव्हतं झालं. म्हटलं, "मला सांगा काय झालंय. मी कोण आहे तुमची?" म्हणाले, "काही नाही झालं." म्हटलं, "चैतालीच्या शपथेवर सांगा." हे उठून बागेत गेले. आमच्यात शपथा कुणी घेत नाही, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

विजयादशमी आली. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सकाळी मी नवा हार आणला, फडकं भिजवलं आणि म्हटलं, "चला, फोटो उतरवा." हे खुर्चीत बसले होते. म्हणाले, "या वर्षी राहू दे. खिळा हललाय. वरूनच पूस."

मी चकित. या माणसानं तापानं फणफणत असतानाही फोटो उतरवला होता. "वरूनच पूस" हे शब्द याच्या तोंडून? माझ्या मनात आलं, यांना आता हात वर करायची ताकद राहिलेली नाही, आणि ते मला कळू नये म्हणून खिळ्याचं निमित्त. मी फडकं पिळून ठेवलं. हे सौरभबरोबर विश्रांतवाडीच्या विहारात वंदनेला गेले, आणि मी म्हटलं, यांना जमत नसेल तर मी उतरवते. शिरस्ता मोडायचा नाही. निदान हे असेपर्यंत तरी नाही. असं मनात आलं आणि माझी मीच दचकले.

स्टुलावर चढले. फोटो उचलला. जड होता, वाटला होता त्याहून जड. तो खाली खाटेवर टेकवला आणि भिंतीकडं पाहिलं.

भिंत काळी होती. फोटोएवढी नाही, फोटोपेक्षा जराशी लहान, नेमकी झाकली जाईल एवढी. काळ्यावर हिरवट लव आली होती. मधोमध पाणी पाझरत होतं, घाम फुटावा तसं. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. प्लास्टर ओल्या भाकरीसारखं सुटून हातात आलं, आणि तो वास, तो कुबट वास, असा अंगावर आला की मला ओकारीच आली. भिंतीपलीकडं काय आहे ते तेव्हा डोक्यात शिरलं. माती, आणि मातीपलीकडं ती भरलेली खाण. लेक व्ह्यू! आणि त्या भिंतीला नाक लावून माझा नवरा सगळा पावसाळा झोपला होता.

मग मी फोटो उलटा केला. मागच्या फळीला जाड प्लास्टिक. कडा घट्ट दुमडलेल्या, वरून काळी चिकटपट्टी एकावर एक चढवत नेलेली. केबलचा जोड गुंडाळतात तशी. थेंब शिरायची सोय ठेवली नव्हती. फोटो आतून कोरडा ठणठणीत होता.

मला सगळं एकदम कळलं. वास मारायला उदबत्त्या, उन्हात गादी, ओल प्यायला चुना, खिडकीची बाजू, पाळणा. सगळं. आणि मला क्षयाची भीती गेल्याचा आनंद व्हायला हवा होता, तर तो झाला नाही. संताप आला.

हे दुपारी आले. जिना उतरले आणि उघड्या भिंतीकडं बघत पायरीवरच थांबले. मागं सौरभ होता.

मी म्हटलं, "बाबासाहेबांच्या आडून खोटं बोललात? त्यांच्या?"

हे फोटोवरच्या चिकटपट्टीकडं बघत होते.

"या घरात त्या फोटोला कुणी हात लावणार नाही हे माहीत होतं तुम्हाला, म्हणून तिथं झाकलंत. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि फोटोला प्लास्टिक गुंडाळलंत, छातीला काय गुंडाळलं होतंत? मी काय समजत होते माहितीये का? मी तुमच्या रुमालात रक्त शोधत होते! रोज!"

यांनी बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला. नेहमीसारखा आला, पण थांबला नाही. हे वाकले, कठडा धरला, मग कठडाही सुटला. पायरीवर बसले. श्वास आत जाईना. शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि ओठ निळे पडायला लागले. मी धावले, पाठ चोळत राहिले, म्हणत राहिले, "घ्या हो, श्वास घ्या, अहो, घ्या ना," जसं काही मी सांगितल्यानं श्वास येणार होता. माझा राग कुठल्या कुठं गेला. मला वाटलं, मीच मारलं यांना, माझ्या या तोंडानं. सौरभनं त्यांना उचललं. वडील एवढे हलके झालेत हे त्यालाही तेव्हाच कळलं. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. गाडीत यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि दसऱ्याची गर्दी, हार घातलेल्या गाड्या, कुणी बाजूला होईना. मी खिडकीतून लोकांवर ओरडत होते. मी, मास्तरीण.

क्षय नव्हता. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, रक्त तपासलं आणि सांगितलं, बुरशीनं फुफ्फुसं धरली आहेत. त्यात धुराची भर. काही भाग कडक झालाय, तो आता मऊ होणार नाही. जेवढं उरलंय तेवढं जपा. त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मी विचारलं, "आणखी एक पावसाळा काढला असता तर?" डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, नाही काढला." दीपाली बाहेर बाकावर बसली होती, पोरीला छातीशी धरून. पाळणा कुठं ठेवायचा होता ते आठवून ती पोरीला कुणाच्या हातात देईना.

सौरभ बिल्डरच्या ऑफिसात जाऊन भांडला. तिथं टायवाला दुसराच होता. म्हणाला, "थोडं सीपेज सगळ्यांकडंच आहे, सर. कुणी तक्रार केली नाही." खरंच कुणी केली नव्हती. मग आम्ही विचारलं तेव्हा ओळीतल्या घराघरांतून कळलं, कुणी तिथं वॉलपेपर लावलाय, कुणी कपाट सरकवलंय. बोललं तर घराचा भाव जाईल, म्हणून सगळे गप्प. सुशिक्षित लोक सगळे! सौरभ म्हणाला, विकून टाकू. हे ऑक्सिजनची नळी नाकात असतानाच म्हणाले, "दुसऱ्याच्या गळ्यात मारू नको. सांगून विकायचं असलं तर विक." सांगून घेणार कोण? घर आमच्याकडंच राहिलं.

दवाखान्यातून सुटायच्या आदल्या दुपारी मी यांच्याजवळ एकटीच होते. उन्हाचा पट्टा पलंगावर आला होता. मी मोसंबं सोलत होते. तोवर माझ्या तोंडून एक प्रश्न निघाला नव्हता, भीतीनं, परत खोकला येईल म्हणून. पण राहवेना. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हो?"

"पहिल्याच दिवशी," हे म्हणाले. "हात लावला तेव्हाच."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात भिंत तशी गार लागली, म्हणजे मागं पाणी आहे."

मी मोसंबं खाली ठेवलं. "मग का नाही बोललात? सौरभनं अजून सही केली नव्हती. एक शब्द बोलायचा होता!"

यांनी उशी जरा वर ओढून घेतली. मग थांबत थांबत, श्वास घेत घेत म्हणाले, "तुला तो बंगला आठवतो? आपण खोली बघायला गेलो होतो. लग्नानंतर."

आठवत होता. मागच्या बाजूची खोली, बाहेर पारिजातक. बंगल्याच्या बाई फार गोड बोलल्या होत्या. तुम्ही बसा, चहा टाकते, म्हणाल्या होत्या.

"आल्याचा चहा होता," हे म्हणाले. "आत उकळत होता. वास येत होता. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि मग त्यांचे यजमान बाहेर आले. म्हणाले, खोली भाच्याला द्यायची ठरलीये. चहा आलाच नाही."

मला तेही आठवत होतं. फाटकापर्यंत आम्ही एकमेकांकडं पाहिलं नव्हतं.

"वाघोलीला त्या माणसानं आधी नाव लिहून घेतलं," हे म्हणाले. "ओव्हाळ. नीट विचारून लिहिलं. आणि मग चहा मागवला. नावानंतर. तो चहा समोर ठेवलेला, आणि मी त्याला सांगू, तुमची भिंत ओली आहे? मला नाही जमलं, हिरा."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "एका कपापायी? अहो, तो त्याचा धंदा होता! घर बघायला येईल त्या सगळ्यांना देतो तो चहा!"

"तेच तर," हे म्हणाले. "सगळ्यांना देतो तोच मला दिला."

मी मोसंब्याची फोड यांच्या तोंडात दिली. त्यांनी ती सावकाश खाल्ली.

आता आम्ही वर राहतो. खालच्या खोलीला कुलूप आहे. पाटी दारावर आहे तशीच आहे, पण ती आता मी घासते, कारण हात वर केला की यांना धाप लागते. बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये आहे, उन्हाच्या भिंतीवर. वर्षातून दोनदा उतरवायचा शिरस्ता मी मोडला. मनात आलं की उतरवते. मागच्या भिंतीवर तळहात टेकवून बघते. कोरडी असते. दुपारी यांचा डोळा लागलेला असतो, कुशीवर, खिडकीकडं तोंड करून. मग मी तसाच हात यांच्या पाठीवर ठेवते आणि श्वास आत जाईपर्यंत काढत नाही.